दुर्वाचा डावा डोळा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही. आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही ती बाजूला ठेवूनच जोडते. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच कारण असेल.

मी कणकवलीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बरीच वर्षं झाली. मुलांना मी आवडते, पालक मान देतात, गावात कुणाला दवाखान्यात जायचं असलं, सरकारी कार्यालयात काही बोलायचं असलं की लोक मला सोबत नेतात. बाई शिकलेल्या आहेत, बाईंना बोलता येतं. माझ्या माहेरी तर हे आणखीच. माहेर देवबागचं. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. आई-वडील गेल्यावर तिथे माझा धाकटा भाऊ महेश आणि त्याची बायको स्वप्नाली. महेश पर्यटकांना होडीतून फिरवतो, दोन खोल्या पाहुण्यांना देतो. स्वप्नाली रांधते, खोल्या झाडते, आणि मला ताई म्हणते. काहीही झालं तरी पहिला फोन मला.

त्यांची पहिली मुलगी दुर्वा.

तिच्याबद्दल काय सांगू? दोन वर्षांची होती. मला ‘आत्ये’ म्हणायची आणि मी गेले की माझ्या पर्समध्ये हात घालायची. वाळूत बसवली तर तासभर बसायची. चालताना डाव्या बाजूला ठेवलेल्या कळशीला, खुर्चीला धडकायची आणि मग स्वतःच हसायची. आम्हीही हसायचो. धांदरट आहे म्हणायचो.

आधी लक्षात आलं ते स्वप्नालीच्या. एका संध्याकाळी दिवे गेले होते, तिने मोबाइलची बॅटरी लावली आणि पोरीचा डावा डोळा मांजरासारखा चमकला. तिने मला फोन केला. “ताई, हिच्या डोळ्यात आत पांढरा कायतरी दिसता. माका भीती वाटता.” मी म्हटलं, रविवारी घेऊन ये. पण रविवार यायच्या आत शेजारच्या एका म्हातारीने तिला सांगितलं, की डोळ्यात फूल पडलंय, रोज सकाळी मध घाल. तिने घातला. करंगळीच्या टोकाने, चार-पाच सकाळी. हे तिने मला आपणहून सांगितलं. मी तेव्हा तिला रागावले नाही. हे लक्षात ठेवा. मी पुढे याच्याकडेच येणार आहे.

कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुर्वाला तपासलं. मग म्हणाले, मुंबईला न्या, आणि उशीर करू नका. त्या क्षणी मला काय वाटलं? खरं सांगू? माझ्या मुलीचा, केतकीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात होता. तोवर आपण परत येऊ ना, एवढंच मनात आलं.

महेशचा हंगाम चालू होता, पाहुणे येऊन बसले होते. म्हणून मी रजा टाकली आणि स्वप्नालीला, दुर्वाला घेऊन कणकवलीहून गाडीत बसले. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांनी पोरीला भूल देऊन तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका डॉक्टरबाईंनी नातेवाइकांना आत बोलावलं. दुर्वा भुलीतून उठल्यापासून चिडचिडी झाली होती, आईला सोडत नव्हती. मी एकटी आत गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “आईला बोलवा.”

मी म्हटलं, “ती फार घाबरट आहे. मला सांगा, मी तिला नीट समजावून सांगते. मी शिक्षिका आहे.”

त्यांनी सांगितलं. अगदी साध्या मराठीत. डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे. त्या डोळ्याने तिला दिसत नाहीच. उजवा डोळा स्वच्छ आहे. गाठ अजून डोळ्याच्या आतच आहे, बाहेर गेलेली नाही. म्हणून डावा डोळा काढायचा, या आठवड्यातच. “डोळा जाईल, पण मुलगी राहील,” त्या म्हणाल्या. “पुढे कृत्रिम डोळा बसवू. शाळेत जाईल, खेळेल, सगळं करेल. पण थांबायचं नाही. एकदा बाहेर पसरलं की माझ्या हातात फार काही उरणार नाही.” उपचार फुकट होणार होते. राहायची सोयही त्याच करून देणार होत्या. उद्या सकाळी आई-वडील दोघांनाही घेऊन या, म्हणाल्या.

मग उठता उठता आणखी एक वाक्य. “हा आजार कधी कधी घराण्यातून येतो. तसं आहे का, ते रक्त तपासून कळेल. घरच्यांना कल्पना देऊन ठेवा.”

मला सगळं समजलं होतं. मी विज्ञान शिकवते. ऐकताना कुठेही अडखळले नव्हते. पण खोलीतून बाहेर पडताना माझ्या डोक्यात त्यातलं काय उरलं होतं, सांगू? घराण्यातून.

केतकीचं एक ठरत आलेलं लग्न आधी मोडलं होतं. माझ्या दिरांच्या अंगावर कोड आहे, ते त्या लोकांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी कारण दिलं नाही, फक्त फोन घ्यायचे थांबले. पोरगी महिनाभर खोलीबाहेर आली नव्हती. आता हे दुसरं स्थळ सावंतवाडीचं, चांगलं, मुलगा तिला मनापासून आवडलेला. हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं. सबब म्हणून नाही. माझ्या भावाच्या मुलीचा जीव एका पारड्यात होता आणि माझ्या मुलीचा साखरपुडा दुसऱ्या. असं कुणी समोर मांडून विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? पण विचारणारं कुणी नव्हतं. मी एकटी होते आणि दारापासून बाकापर्यंत चालायचं होतं.

स्वप्नाली बाकावर नव्हती, खाली फरशीवर बसली होती. दुर्वा तिच्या मांडीवर झोपली होती. आजूबाजूला बरीच मुलं होती. एकाच्या डोळ्यावर पांढरी पट्टी. एक मुलगी बापाच्या बोटाला धरून उड्या मारत चाललेली, तिचा एक डोळा जरा जास्तच चकचकीत, न हलणारा. स्वप्नालीने हे सगळं बघितलं होतं. ती काही अडाणी नाही.

“ताई,” ती म्हणाली, “हयसर पोरांचे डोळे काढलेले आसत. आमच्या दुर्वाचो डोळो काढूक नाय सांगल्यानी मां?”

बघा — तिने स्वतःच विचारलं होतं. मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाय गो,” मी म्हटलं. “मोतीबिंदूसारखा कायतरी आसा. आता लहान आसा, मे म्हयन्यात परत येऊक सांगल्यानी. तवसर थेंब घालूचे.”

ती रडायला लागली. आनंदाने. तिने तिथेच, त्या फरशीवर, माझ्या पायांना हात लावला. मी तिला उठवलं नाही, कारण मला वाकता आलं नाही. बाहेरच्या दुकानातून डोळ्यांचे साधे थेंब घेतले आणि त्याच दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी वाट बघत असतील, हे मला गाडीत आठवलं. वडापाव खाल्ला. दुर्वा खिडकीशी उभी राहून मला बोगदे दाखवत होती.

मी मनाशी ठरवलं होतं, की साखरपुडा झाला की लगेच सांगायचं. आठ दिवसांनी काय होतं? साखरपुडा झाला. मग वाटलं, आता सांगितलं तर लग्नाच्या आधी बभ्रा होईल. लग्न मेमध्ये होतं. मे काही लांब नाही.

हॉस्पिटलमधून फोन यायला लागले. तिथे मी माझाच नंबर दिला होता. एक बाई असायच्या, आवाज फार मऊ. दुर्वाला का आणलं नाही, काही अडचण आहे का, गाडीभाड्याचं बघू का, घरचे डोळा काढायला तयार नसतील तर मी बोलू का त्यांच्याशी? बरेच लोक घाबरतात, म्हणाल्या, आणि घरी निघून जातात. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाई घरात आहेत, हे बरं आहे. पहिल्यांदा मी म्हटलं, येतो. नंतर म्हटलं, गोव्याला उपचार चालू केले आहेत. त्यांनी गोव्याच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. मी फोन ठेवला आणि तो नंबर येणार नाही असं करून टाकलं. हे मी स्टाफरूममध्ये बसून केलं. मग तास घेतला.

एप्रिलमध्ये दुर्वाचा डोळा लाल झाला, मग सुजला. महेश स्वतः होडी सोडून कणकवलीला आला. दारातच म्हणाला, “ताई, ह्या बरा दिसना नाय. मुंबैक जाऊया काय?”

मी त्याला चहा दिला. म्हटलं, “डॉक्टरांनी मे सांगलेलो आसा मां? त्यांच्यापेक्षा आपल्याक जास्त कळता?”

तो मान हलवून गेला. माझा शब्द त्याने लहानपणापासून कधी मोडला नाही.

लग्नाला दुर्वा आली होती. लोकांनी विचारू नये म्हणून मी तिच्यासाठी मालवणातून छोटा गुलाबी गॉगल आणला होता. तिला तो आवडला, काढायला देईना. गॉगलखाली डोळा पुढे यायला लागला होता. सावंतवाडीच्या एका बाईंनी विचारलंच, तेव्हा मी म्हटलं, डोळे आलेत, साथ आहे. लग्न छान झालं. सगळे अजूनही म्हणतात.

केतकीची पाठवणी झाली आणि त्याच आठवड्यात मी महेशला म्हटलं, आता मुंबईला जायला हवं. मीही गेले. का गेले? मदतीसाठी म्हणून सगळ्यांनी मला नावाजलं. मी गेले, कारण तिथे काय बोललं जाईल ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

त्याच डॉक्टरबाई. त्यांनी दुर्वाचा गॉगल काढून डोळा तपासला. मग महेशकडे बघून म्हणाल्या, “इतके दिवस कुठे होतात तुम्ही?”

महेश ऑफिसात बोलतात तशी मराठी बोलायला लागला. “मॅडम, तुम्हीच मे महिन्यात यायला सांगितलं होतं ना? थेंब नियमित घातले आम्ही. एक दिवस चुकवला नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लावली होती.

महेश-स्वप्नालीला त्यांनी पुढच्या तपासण्यांना पाठवलं आणि मला थांबायला सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मी आत्ता त्यांना हे सांगणार नाही. पुढचे महिने त्यांना तुमची गरज लागेल. पण तुम्ही सांगा. तुमच्याच तोंडून त्यांना कळलं पाहिजे.” मी ‘हो’ म्हटलं.

आजार डोळ्याच्या बाहेर गेला होता. मेंदूच्या पाण्यात सापडला. डोळा शेवटी काढलाच. औषधं दिली, केस गेले, तोंड आलं. दुर्वाने गिळणं सोडलं. डॉक्टरबाईंनी सगळं केलं आणि मग एके दिवशी महेश-स्वप्नालीला आत बसवून सांगितलं, की आता घरी न्या, दुखणार नाही एवढं मी बघते. तोपर्यंत पावसाळ्यासाठी होड्या पाण्याबाहेर काढून शाकारलेल्या होत्या. दुर्वा देवबागला घरी गेली. मी रजेवर तिथेच होते. सकाळी स्वप्नाली पेज गाळत होती आणि दुर्वा माझ्या मांडीवर होती. श्वास थांबला तेव्हा मला लगेच कळलं. तरी मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. स्वप्नालीच्या हातातली पेज गाळून होईपर्यंत.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगत आले. हा आहेच. पण याच्या आत आणखी एक आहे.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. मागच्या पडवीत मी आणि स्वप्नाली दोघीच होतो. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती. मला म्हणाली, “ताई, एक इचारू? डाक्टरांका इचारूक माका धीर झालो नाय. मी मध घातलंय मां तिच्या डोळ्यात… त्यामुळा झाला ह्या सगळा?”

मध घातल्याने कॅन्सर होत नाही. मध घालायच्या आधीच गाठ तिथे होती. ती चमकली म्हणून तर मध घातला. हे आठवीतलं पोरसुद्धा सांगेल. एक शब्द पुरे होता: नाही. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं. मग कशामुळे? मग इतक्या लवकर नेलं तरी का नाही वाचली? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला मी उभी होते.

मी म्हटलं, “आता बोलून काय उपयोग, स्वप्नाली.”

बस. एवढंच. तिने मान खाली घातली आणि तांदूळ निवडायला लागली. तिला उत्तर मिळालं होतं.

ते तिने महेशला सांगितलं असावं. कारण त्यानंतर एका भांडणात, माझ्यादेखत, तो तिला म्हणाला, “तूच घातलंस मध. माझ्या पोरीचो डोळो तूच घालवलंस.” ती वाढत राहिली. मी जेवत होते. ताटात सुरमईचा तुकडा होता. मी काटे बाजूला काढत राहिले. शेजारपाजारी ते पसरलं. ज्या म्हातारीने सांगितलं होतं तीसुद्धा म्हणायला लागली, की मी असं नव्हतंच सांगितलं. एकदा स्वप्नाली आठवडाभर बोलायची बंद झाली होती, तेव्हा महेशने मला बोलावून घेतलं. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या केसांना तेल लावलं. तेव्हाही नाही बोलले.

आणि ते घराण्याचं? रक्ताचा अहवाल मागाहून आला. महेशने मला फोन करून वाचून दाखवला, मी त्याला अर्थ सांगितला. घराण्यात काही नव्हतं. तो आजार दुर्वाच्या त्या एका डोळ्यातच झाला होता आणि तिथेच संपणार होता, वेळेवर काढला असता तर. हे शेवटचं अर्थात मी त्याला सांगितलं नाही. पुढच्या मुलाला भीती नाही, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तू आसंस म्हणान आमका ह्या कळता.”

पुढे त्यांना मुलगा झाला. वेदांत. आता शाळेत जातो. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. केतकीला मूल आहे, ती पुण्याला सुखात आहे. माझी निवृत्ती जवळ आली आहे. डॉक्टरबाईंना मी पुन्हा कधी भेटले नाही.

स्वप्नाली वेदांतला घरचं काही देत नाही. खोकला झाला तर काढा नाही, पडला तर हळद नाही. गुडघा खरचटला तरी रिक्षा करून मालवणला डॉक्टरकडे नेते. लोक हसतात. जायच्या आधी मला फोन करते आणि मी सांगेन तसं करते. स्वतःच्या हातावर तिचा विश्वास उरलेला नाही. माझ्या शब्दावर आहे.

गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला. मागे वेदांत मोठ्याने रडत होता. किनाऱ्यावर खेळताना त्याच्या डोळ्यात वाळू गेली होती. ती एवढी धापा टाकत होती, की मला आधी काही कळेना.

“ताई, पाणी मारू काय डोळ्यात? माझ्या हातान नको वाटता. महेश होडीवर आसा. शेजारणीक बोलावू?”

मी एकटी होते. घरात कुणी नव्हतं. शाळा सुटलेली, घाई कसलीच नव्हती. तिने विचारलं होतं. पुन्हा एकदा, आपणहून.

“मार पाणी,” मी म्हटलं. “स्वच्छ पाणी. काय होणा नाय.”

“नक्की मां? माझ्या हातान काय होऊचा नाय मां?”

मी फोन कानाला धरून उभी राहिले. तिकडे पोरगा रडत होता, ती वाट बघत होती. बोलायला तेवढा वेळ पुरला असता.

“नक्की,” मी म्हटलं.

“तुमी म्हणतास म्हणजे बरोबरच,” ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली. फोन तिने बंद केला नव्हता. मला तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आला, मग पोराचं रडणं थांबलेलं ऐकू आलं. ती त्याला विचारत होती, दिसता मां रे, दिसता मां? तो म्हणाला, दिसता. तिने परत विचारलं. मी माझ्या बाजूने फोन बंद केला.